स्पर्श व सान्निध्य सेन्सर : हौशी सर्किटबांधणी

बोट टेकले किंवा हात नुसता जवळ आला की दिवा लावणारी, बझर वाजवणारी किंवा मोटर फिरवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक सर्किटे घरच्या घरी जोडण्याचा छंद. शाळकरी मुलांपासून निवृत्त अभियंत्यांपर्यंत अनेकजण तो जोपासतात. त्यासाठी ब्रेडबोर्ड (डाग न देता तारा खोचून जोडणी करायची भोकांची पाटी), नऊ व्होल्टची बॅटरी, दोनचार ट्रान्झिस्टर (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालवणारे घटक) आणि मूठभर रेझिस्टर (प्रवाहाला रोध करणारे घटक) एवढे सामान पुरते, आणि त्याच सामानात संगणकाशी जोडलेल्या बऱ्याच पुढच्या प्रयोगांचा पाया घातला जातो.

नेहमीच्या बटणात धातूची पट्टी धातूला टेकते व प्रवाह सुरू होतो. स्पर्श सेन्सरमध्ये हलणारा भाग नसतो. तिथे माणसाचे शरीर हाच सर्किटचा एक घटक होतो. कधी ते रेझिस्टरचे काम करते, कधी कपॅसिटरचे (विद्युत् भार साठवणाऱ्या घटकाचे), कधी अँटेनाचे, तर कधी प्रकाश किंवा ध्वनी परतवणाऱ्या पृष्ठभागाचे. बहुतेक सगळी हौशी सर्किटे या चारांपैकी एका भूमिकेवर उभी असतात. जोडणी तासाभरात होते. बोट आहे आणि बोट नाही यांच्यामधली रेषा नेमकी कुठे आखायची, हे ठरवायला मात्र वेळ लागतो, आणि या छंदाची गोडी तिथेच आहे.

त्वचेचा रोध : सर्वांत सोपे सर्किट दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टरांचे. पहिल्याचा एमिटर (प्रवाह बाहेर सोडणारा पाय) दुसऱ्याच्या बेसला (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या पायाला) जोडला की दोघांच्या वर्धनाचा, म्हणजे प्रवाह किती पट वाढतो त्याचा, गुणाकार होतो. याला डार्लिंग्टन जोडी म्हणतात. प्रत्येकाचे वर्धन २०० धरले तर जोडीचे ४०,००० होते. दोन उघड्या तारांवर कोरडे बोट ठेवले की त्यांच्यामध्ये काही लाख ओहमांपासून काही मेगाओहमांपर्यंत रोध येतो. रोध १ मेगाओहम असेल तर नऊ व्होल्टच्या बॅटरीतून बेसकडे जेमतेम ७ ते ८ मायक्रोॲम्पिअर जातात. त्या माणसाला काहीही जाणवत नाही, पण एलईडी पूर्ण उजेडाने लागतो. बेसच्या वाटेत १०० किलोओहमचा रेझिस्टर घालणे आवश्यक आहे. तो नसेल आणि दोन तारा चुकून एकमेकींना चिकटल्या, तर ट्रान्झिस्टर जळतो.

याच सर्किटच्या तारा पाण्यात सोडल्या की टाकी भरल्याची सूचना देणारा बझर तयार होतो. ठरावीक वेळीच नळाला पाणी येणाऱ्या गावांत आणि सोसायट्यांत त्याचा उपयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहामुळे पाण्यातली तांब्याची तार काही दिवसांत हिरवी पडून झिजते. स्टीलचे खिळे किंवा स्क्रू जास्त टिकतात.

घरातल्या वायरिंगची गुणगुण : भिंतीतल्या तारांमधून ५० हर्ट्‌झचा प्रत्यावर्ती प्रवाह वाहत असतो आणि खोलीतल्या माणसाच्या शरीरावर त्याचा क्षीण विद्युत् दाब सतत उमटत असतो. ५५५ टायमर या आयसीच्या (अनेक घटक एकत्र सामावलेल्या चिपच्या) दोन नंबरच्या पिनला धातूची चकती जोडली आणि ती पिन मोठ्या रेझिस्टरने धन बाजूला ओढून ठेवली, तर बोट लागताच ही गुणगुण पिनवरचा दाब पुरवठ्याच्या एकतृतीयांशाखाली खेचते आणि टायमर सुरू होतो. किती वेळ चालू राहायचे ते १.१ गुणिले रोध गुणिले धारिता (कपॅसिटरची भार साठवण्याची क्षमता) या सूत्राने ठरते : १०० किलोओहम व १०० मायक्रोफॅरडसाठी सुमारे ११ सेकंद. हान्स कामेनझिंड यांनी रचलेली ही आयसी १९७२ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीने बाजारात आणली. ती आजही काही रुपयांत मिळते आणि नवशिक्यांच्या सरावाचे तिच्याइतके चांगले साधन क्वचितच असेल.

या सर्किटची मर्यादा समजून घेण्यासारखी आहे. घरात बिनचूक चालणारा टच स्विच बॅटरीसह शेतात किंवा मोकळ्या मैदानात नेला की अनेकदा निपचित पडतो. आसपास वायरिंग नाही, म्हणून शरीरावर गुणगुण नाही, म्हणून पिनला कळण्यासारखे काहीच नाही. हौशी मंडळी अशा वेळी आयसी बदलून पाहतात, पण दोष आयसीत नसतो. जे सर्किट कुठेही चालायला हवे, ते धारितेवर बेतावे.

धारिता : मोबाईलच्या पडद्यापासून लिफ्टच्या बटणापर्यंत आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत हीच. दोन वाहक पृष्ठभाग आणि मध्ये अवाहक पदार्थ म्हणजे कपॅसिटर. तांब्याची पट्टी हा एक पृष्ठभाग, बोट हा दुसरा, आणि मधली काच, ॲक्रिलिक किंवा नुसती हवा हा अवाहक. एक चौरस सेंटिमीटर बोट आणि २ मिलिमीटर ॲक्रिलिक धरले, तर हिशेबाने धारिता सुमारे १.३ पिकोफॅरड येते. ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या दोन ओळींमध्येही जवळपास एवढीच धारिता मुळात असते. म्हणजे जे मोजायचे ते आणि जोडणीतला गोंधळ एकाच मापाचे आहेत. सेन्सरपर्यंतची तार आखूड ठेवा, तिला हलू देऊ नका, ती दुसऱ्या तारांशी पिळू नका, या सगळ्या सूचना या एका आकड्यातून निघतात. पट्टी उघडी ठेवून थेट बोट लावले तर चित्र पालटते, कारण मग संपूर्ण शरीरच जोडले जाते. स्थिर विद्युत् चाचण्यांच्या प्रमाणित नमुन्यात माणसाच्या शरीराची धारिता १०० पिकोफॅरड धरतात.

धारिता मोजण्याची सोपी रीत म्हणजे भरायला लागणारा वेळ मोजणे. आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या) एका पिनमधून मोठ्या रेझिस्टरमार्गे पट्टीला विद्युत् भार द्यायचा आणि दुसऱ्या पिनवर दाब चढायला किती वेळ लागला ते पाहायचे. रेझिस्टर १ मेगाओहमचा आणि पट्टीची धारिता १० पिकोफॅरड असेल, तर निम्मा दाब चढायला सुमारे ७ मायक्रोसेकंद लागतात. बोट लागले की हा काळ लांबतो. आर्डुइनो उनोचे घड्याळ १६ मेगाहर्ट्‌झचे असल्याने एका मायक्रोसेकंदात १६ ठोके मोजता येतात, आणि शेकडो वेळा मोजून बेरीज केली की फरक ठळक होतो. या कामासाठी पॉल बॅजर यांनी लिहिलेली आज्ञावली हौशी वर्तुळात बरीच वापरली जाते. रेझिस्टर जितका मोठा तितकी संवेदना लांबची : १ मेगाओहमला प्रत्यक्ष स्पर्श लागतो, १० मेगाओहमला हात दहापंधरा सेंटिमीटरांवर आला तरी आकडा हलू लागतो. म्हणजे एका रेझिस्टरच्या बदलाने स्पर्श सेन्सरचा सान्निध्य सेन्सर होतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनिअम फॉईल पुठ्ठ्यावर चिकटवली की मोठी पट्टी तयार होते. ईएसपी३२ या चिपमध्ये तर स्पर्श ओळखणाऱ्या दहा पिना आतच दिलेल्या आहेत, बाहेरचा रेझिस्टरही लागत नाही.

ज्यांना प्रोग्रॅम लिहायचा नाही त्यांच्यासाठी टीटीपी २२३ या आयसीचे नखाएवढे मॉड्यूल मिळते. २ ते ५.५ व्होल्टवर चालते, तीन पिना असतात. पाठीमागच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जागा डाग देऊन जोडता येतात. ‘ए’ जोडल्यास निर्गम (बाहेर येणारा संकेत) उलटा होतो. ‘बी’ जोडल्यास एका स्पर्शाला चालू आणि पुढच्या स्पर्शाला बंद असा स्विच मिळतो. हे मॉड्यूल लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फळीमागे चिकटवले तरी चालते, धातूच्या पत्र्यामागे चालत नाही.

थेरेमिन : हात न लावता वाजवायचे वाद्य हा या छंदाचा मानबिंदू म्हणायला हवा. रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह तेर्मेन १९२० च्या सुमारास पेट्रोग्राड (आजचे सेंट पीटर्सबर्ग) येथे वायूंचे विद्युत् गुणधर्म मोजण्याच्या उपकरणावर काम करत होते. हात जवळ नेला की उपकरणातल्या स्वराची उंची बदलते हे त्यांच्या लक्षात आले आणि ते चेलो वाजवणारे असल्याने त्यांनी त्यातून वाद्य घडवले. १९२८ मध्ये त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले आणि १९२९ मध्ये आरसीए कंपनीने ते विक्रीला आणले. सिंथेसायझरसाठी ओळखले जाणारे रॉबर्ट मूग यांची सुरुवातही थेरेमिनपासूनच झाली : शाळकरी वयात त्यांनी ते स्वतः बांधले आणि पुढे वडिलांसोबत त्याची किट विकली.

त्यामागचे गणित देखणे आहे. दोन आंदोलक (ठरावीक वारंवारितेचा संकेत निर्माण करणारी सर्किटे) साधारण एकाच वारंवारितेवर, समजा ५०० किलोहर्ट्‌झवर, चालवायचे. एक स्थिर ठेवायचा. दुसऱ्याच्या मंडलात अँटेना जोडायची. त्या मंडलात १०० पिकोफॅरड असताना हाताने १ पिकोफॅरडची भर पडली, तर धारिता एक टक्क्याने वाढते आणि वारंवारिता अर्ध्या टक्क्याने, म्हणजे २,५०० हर्ट्‌झने उतरते. दोन्ही संकेत एकत्र मिसळले की हा फरकच स्वर म्हणून ऐकू येतो. एका पिकोफॅरडात अनेक सप्तके सामावतात. सीडी ४०११ किंवा सीडी ४०९३ या स्वस्त आयसींवरही लहान थेरेमिन बांधता येते. सूर मात्र सहज डगमगतो, आणि वादकाने स्वतः स्तब्ध उभे राहावे लागते, कारण त्याचे धडही अँटेनाच्या शेजारीच असते.

प्रकाश आणि ध्वनी : अवरक्त एलईडी आणि फोटोडायोड (प्रकाश ओळखणारा घटक) शेजारी लावून समोरच्या वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजणे ही सान्निध्य ओळखण्याची सर्वांत प्रचलित रीत. फोटोडायोडवरचा दाब एलएम ३५८ किंवा एलएम ३९३ या आयसीमध्ये प्रीसेटने (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरने) ठरवलेल्या दाबाशी ताडून पाहिला जातो. एलईडी बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो. डोळ्याला दिसत नाही, पण अनेक मोबाईल कॅमेऱ्यांत जांभळट दिसतो, आणि तो चालू आहे की नाही हे तपासायची तीच सोपी युक्ती आहे. काळा पृष्ठभाग हा प्रकाश फार कमी परतवतो. काळ्या पट्टीवरून चालणारी खेळण्यातली गाडी याच गुणावर चालते, आणि काळी बाही घातलेला हात सेन्सरला दिसत नाही तोही यामुळेच. खिडकीतले ऊन फोटोडायोडला आंधळे करते. त्यावर उपाय म्हणजे प्रकाश ३८ किलोहर्ट्‌झने लुकलुकवायचा आणि टीव्हीच्या रिमोटसाठी असणारा टीएसओपी जातीचा ग्राहक (रिसीव्हर) वापरायचा. लुकलुक अखंड ठेवली तर हा ग्राहक तिला गोंगाट समजून दाबून टाकतो. म्हणून ती थोडी चालू, थोडी बंद अशा तुकड्यांनी पाठवावी लागते.

श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या उंच) ध्वनीसाठी एचसी-एसआर०४ हे मॉड्यूल सर्वत्र दिसते. १० मायक्रोसेकंदांचा इशारा दिला की ते ४० किलोहर्ट्‌झचे आठ स्पंद सोडते आणि प्रतिध्वनी यायला लागलेला काळ देते. ५८ मायक्रोसेकंदांना एक सेंटिमीटर असा हिशेब धरतात. हा हिशेब सुखद हवेचा आहे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला की ध्वनीचा वेग वाढतो आणि एक मीटरवरची भिंत सुमारे ९६ सेंटिमीटरांवर दिसते. कचऱ्याचा डबा उघडायला एवढी चूक चालते, टाकीतले पाणी मोजायला तापमानाची दुरुस्ती करावी. २०२० मध्ये करोनाच्या साथीत स्पर्शाविना सॅनिटायझर देणारी यंत्रे ठिकठिकाणी घरी व महाविद्यालयांत बांधली गेली, त्यांत प्रकाश आणि ध्वनी हे दोनच प्रकार प्रामुख्याने होते. कारखान्यांतल्या यंत्रांवर धातू ओळखणारे प्रेरणी सेन्सर असतात. त्यांचा पल्ला बहुधा काही मिलिमीटरच असतो आणि बोट त्यांना कळत नाही.

सीमारेषा : सेन्सरचा मूळ आकडा कधीच स्थिर नसतो. कोकणातल्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांपलीकडे जाते, ब्रेडबोर्डवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि १० मेगाओहमच्या रेझिस्टरला समांतर अशी गळतीची वाट तयार होते. उन्हाळ्यात ठरवलेली सीमा मग निरुपयोगी ठरते. डाग दिल्यावर बोर्डवर राहिलेला फ्लक्सही (डाग नीट बसण्यासाठी वापरलेला चिकट पदार्थ) तेच करतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला की बरेच ‘भुताटकीचे’ स्पर्श थांबतात. म्हणून चांगल्या प्रोग्रॅममध्ये मूळ आकडा हळूहळू सरासरीने बदलू देतात आणि अचानक आलेली उडी तेवढी स्पर्श मानतात. टीटीपी २२३ हे आपोआप करते. त्यामुळेच चकतीवर हात ठेवून वीजपुरवठा सुरू केला तर ते हातासकटची स्थितीच मूळ धरते.

रेषेच्या अगदी जवळ आकडा रेंगाळला की रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) टकटक वाजत राहतो. चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी वेगवेगळी ठेवली की ते थांबते. तुलनेच्या आयसीत निर्गमाकडून धन आदानाकडे (अधिक चिन्हाच्या इनपुट पिनकडे) १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडून हे साधता येते. आणखी एक अनुभव अनेकांना येतो : लॅपटॉप चार्जरवर असताना नीट चालणारे धारिता सर्किट बॅटरीवर मंदावते. बोटातून गेलेल्या भाराला जमिनीमार्गे परतण्याची वाट क्षीण होते, हे त्याचे कारण. सर्किटच्या ऋण बाजूला मोठा धातूचा पत्रा जोडल्यास सुधारणा होते.

सामान आणि शिक्षण : मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही या छंदाची जुनी ठिकाणे. ऑनलाईन खरेदी सोपी झाली असली, तरी सुटा रेझिस्टर हातात घेऊन, दुकानदाराला विचारून घेण्याचा फायदा नवशिक्याला अजूनही होतो. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब या शालेय प्रयोगशाळांमुळे अनेक शाळांत असे सेन्सर व आर्डुइनो पोहोचले आहेत.

सुरक्षितता : जिथे बोट लागणार आहे ते सर्किट घरगुती २३० व्होल्टपासून पूर्णपणे अलग असले पाहिजे. नवशिक्यासाठी बॅटरीच उत्तम. ट्रान्सफॉर्मरऐवजी कपॅसिटरने दाब उतरवणारे स्वस्त पुरवठे एलईडी दिव्यांत सर्रास असतात. त्यांत निर्गमाची तार थेट मुख्य वाहिनीला जोडलेली राहते, त्यामुळे ते टच सर्किटला कधीही लावू नयेत. दिवा किंवा पंखा चालवायचा असेल तर मध्ये रिले घालावा आणि त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा घटक) उलटा जोडावा. रिलेच्या मुख्य वाहिनीकडच्या तारा बंद डब्यात ठेवाव्यात, आणि त्या बाजूची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी.