पित्ताशयविकारांतील जठररिक्तीकरण व अपचन

पित्ताशयात खडे, सूज किंवा आकुंचनदोष असलेल्या रुग्णांत आढळणारे अपचन आणि जठरातील अन्न ग्रहणीत (लहान आतड्याच्या पहिल्या भागात) उतरण्याचा वेग यांच्या संबंधाचा विचार येथे केला आहे. मराठीतील 'पित्त' या शब्दाच्या द्व्यर्थामुळे तो काहीसा गुंतागुंतीचा झाला आहे. नागपुरात सावजी रस्सा किंवा तर्री-पोहे खाल्ल्यावर 'पित्त झाले' असे म्हणतात, तेव्हा बहुधा जठरातील आम्लता अभिप्रेत असते. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा रस नव्हे. माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात वर्णिलेल्या अम्लपित्ताचा संबंध पित्तखड्यांशी जोडणेही त्यामुळे सयुक्तिक वाटत नाही.

स्निग्ध पदार्थ व प्रथिने ग्रहणीत पोहोचली की तेथील पेशींतून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते. सुमारे ३० ते ५० मिलिलिटर धारणाशक्तीचे पित्ताशय त्यामुळे आकुंचन पावते आणि त्याच वेळी, काही अंशी प्राणेशा (व्हेगस) तंत्रिकेद्वारे, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. आयव्ही व ओल्डबर्ग यांनी १९२८ मध्ये या संप्रेरकाचे वर्णन केले. हार्पर व रॅपर यांनी १९४३ मध्ये स्वादुपिंडाला उत्तेजित करणाऱ्या पॅन्क्रिओझायमिनची नोंद केली. ही दोन द्रव्ये एकच असल्याचे योर्पेस व मुट यांच्या शुद्धीकरणाच्या कामातून १९६० च्या दशकात स्पष्ट झाले.

खडे असलेल्यांत जठर उशिरा रिकामे होते की नाही, याबद्दल मतैक्य नाही. काही पाहण्यांत विलंब आढळला, काहींत नाही. निवडलेले रुग्ण निराळे आणि चाचणीचे जेवण कुठे घन, कुठे द्रव, हे त्याचे एक कारण असावे. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेल्या घन आहाराच्या प्रमाणित चाचणीत चार तासांनंतर १० टक्क्यांहून अधिक अन्न जठरात उरल्यास विलंब मानतात. मधुमेहातही असा विलंब होत असल्याने तो केवळ खड्यांच्या माथी मारता येत नाही.

पोट फुगणे, ढेकर, तेलकट न सोसणे ही लक्षणे खडे नसलेल्यांतही सर्रास आढळतात. वरच्या पोटात उठून अर्ध्या तासाहून अधिक टिकणारी, कधी उजव्या खांद्यामागे जाणारी कळ मात्र पित्ताशयाकडे अधिक निश्चितपणे बोट दाखवते. म्हणून पित्ताशय काढल्यावर कळ बहुधा थांबते, तरी अपचन अनेकांत उरते; खडे आणि अपचन पुष्कळदा केवळ एकत्र नांदतात, हे मत अधिक ग्राह्य दिसते. मोठा खडा पित्ताशय व ग्रहणी यांच्यात पडलेल्या नालव्रणातून (असाधारण मार्गातून) ग्रहणीत शिरून जठराची वाटच अडवतो तो बूव्हरे संलक्षण (सिंड्रोम) हा प्रकार दुर्मिळ असून त्यातील वांत्या यांत्रिक अडथळ्याच्या असतात.