जखडलेल्या घोड्याला कोण सोडवणार?

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाच-सहा मुलं बुद्धिबळ खेळायला येतात. मागच्या महिन्यात त्यातली नऊ वर्षांची एक मुलगी पटाकडे बघत बराच वेळ गप्प बसली होती. तिचा घोडा एफ३ वर (अक्षर म्हणजे पटाची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ), समोरच्याचा उंट जी४ वर आणि घोड्याच्या मागे त्याच तिरक्या रेषेत डी१ वर तिचा वजीर. "काका, घोडा अडकलाय," ती म्हणाली. "हलवला तर वजीर जाईल." मग तिने डावीकडचं अगदी कडेचं प्यादं एक घर पुढे सारलं आणि घड्याळ दाबलं. तोच 'अडकलेला' घोडा तिने हलवला असता, तर तिला एक प्यादं तरी फुकट मिळालं असतं, नाहीतर तीन चालींत मात झाली असती.

मागे राजा किंवा वजीर असल्यामुळे पुढची सोंगटी जागची हलत नाही, या अवस्थेला बुद्धिबळात पिन म्हणतात. पिनमध्ये सापडणारी सोंगटी बहुतेक वेळा घोडाच असते. डावाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंचे घोडे सी आणि एफ या पट्ट्यांत बाहेर येतात. उंटांना तिथवर पोचायला एकच चाल पुरते आणि मागे राजा-वजीर अजून घरातच बसलेले असतात. पण याहून खोल कारण घोड्याच्या चालीच्या भूमितीत आहे, आणि ते मला बुद्धिबळातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

चौकटीच्या कागदावर पाच बाय पाच घरांचा चौकोन काढा आणि मधल्या घरात एक टिंब द्या. भोवती २४ घरं उरतात. त्या टिंबावर वजीर ठेवला तर उभ्या, आडव्या आणि तिरक्या रेषांवरची १६ घरं त्याच्या टप्प्यात येतात. ती पेन्सिलने खोडून टाका. आता आठ घरं शिल्लक राहतात, आणि ही आठ घरं म्हणजे नेमकी घोड्याची अडीच घरांची झेप. एक कमी नाही, एक जास्त नाही. वजीर जिथे पोचतो तिथे घोडा पोचत नाही आणि घोडा जिथे पोचतो तिथे वजीर पोचत नाही.

पिन नेहमी सरळ किंवा तिरक्या रेषेतूनच येते, कारण पिन करू शकणारे तिघंच: हत्ती, उंट आणि वजीर. घोड्याची प्रत्येक उडी त्याला अशा प्रत्येक रेषेच्या बाहेर नेते. पिन झालेला हत्ती त्याच उभ्या पट्टीत मागेपुढे सरकू शकतो, अगदी पिन करणाऱ्या हत्तीला खाऊही शकतो. उंटाला तिरक्या रेषेवर तीच मुभा आहे. वजीर तर पिन करणाऱ्याला हमखास गाठतो. प्याद्यालासुद्धा उभ्या रेषेतल्या पिनमध्ये पुढचं घर रिकामं असेल तर जाता येतं. राजासमोर पिन झालेल्या घोड्याला मात्र एकही कायदेशीर चाल उरत नाही, कुठल्याही दिशेने पिन आली तरी. ज्याने त्याला जखडलं त्याच्यावर तो उलट वार करूच शकत नाही.

बुद्धिबळाचे प्रोग्रॅम हीच गोष्ट वापरतात. राजाच्या घरापासून आठही दिशांना रेषा सोडायच्या. वाटेत आधी आपली सोंगटी आणि तिच्यामागे शत्रूचा त्या रेषेत चालणारा मोहरा सापडला की पिन. ती सोंगटी घोडा असेल तर त्याच्या चाली तपासायच्याही नाहीत, सगळ्या एकदम वगळायच्या. आपल्या पटावर 'हात लावला तर चाल' हा नियम कडक असतो, पण अशा घोड्याला चुकून हात लागला तर खेळाडूला दुसरी कुठलीही चाल करायची मोकळीक असते, कारण त्या घोड्याला चालच नाही. तरीही तो निरुपयोगी होत नाही. त्याच्या टप्प्यातल्या घरात शत्रूच्या राजाला पाऊल ठेवता येत नाही. नियमांप्रमाणे जखडलेली सोंगटीही घरावर मारा धरून असते.

म्हणून घोडा पिन झाला की काय करायचं याचं उत्तर बाकीच्या सैन्याकडे मागायचं. मध्ये उंट घालून रेषा तोडायची. मागचा राजा किंवा वजीर बाजूला घ्यायचा. दुसरा घोडा मदतीला आणायचा. किंवा एच पट्टीतलं प्यादं ढकलून उंटाला विचारायचं, 'घेतोस की जातोस?' हा शेवटचा उपाय मुलांना फार आवडतो आणि तिथेच ती फसतात. उंट एक घर मागे जातो, मग जी पट्टीतलं प्यादंही ढकलायचा मोह होतो. त्याच बाजूला किल्लेकोट झालेला, म्हणजे राजा कडेला नेऊन ठेवलेला असेल तर राजासमोरची भिंत आपणच पाडलेली असते. समोरचा एक घोडा देऊन ती दोन प्यादी उचलतो, उंट परत त्याच रेषेवर येऊन बसतो आणि या वेळी पिन पहिल्यापेक्षा जास्त चावते.

सगळ्यात वाईट म्हणजे काहीच न करणं. जखडलेल्या घोड्यावर पहिली पिन पडते तेव्हा बहुधा काही बिघडत नाही. त्याच घोड्यावर दुसरा, तिसरा मारा येतो तेव्हा बिघडतं. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरात खेळलेल्या डावात आहे. एका बाजूला २१ वर्षांचा अमेरिकन पॉल मॉर्फी, दुसऱ्या बाजूला ब्रन्सविकचे ड्यूक कार्ल आणि काउंट इझुआर, दोघं मिळून विचार करत. बाराव्या चालीपर्यंत काळ्याचे दोन्ही घोडे जखडलेले होते. डी७ वरचा घोडा राजासमोर, एफ६ वरचा वजिरासमोर. काळ्याने डी७ च्या घोड्यामागे हत्ती आणला. मॉर्फीने आपला हत्ती देऊन तो घोडाच खाल्ला. काळ्याच्या हत्तीने परत खाल्लं आणि घोड्याच्या जागी आता तो हत्ती जखडला गेला. लगेच मॉर्फीचा दुसरा हत्ती डी१ वर आला. पांढऱ्याचं एकूण एक सैन्य कामाला लागलेलं, तर काळ्याचा एफ८ वरचा उंट आणि एच८ वरचा हत्ती अजून हललेलेही नव्हते.

शेवट तर विलक्षण आहे. काळ्याने वजीर बाजूला घेऊन एफ६ चा घोडा मोकळा केला. मॉर्फीच्या उंटाने डी७ चा हत्ती खाल्ला, तेव्हा तो मोकळा झालेला घोडा डी७ वर त्या उंटाला खायला आला आणि डी पट्टी अडवून उभा राहिला. तेव्हा मॉर्फीने बी८ वर वजीर नेऊन शह दिला, फुकटचा वजीर! तो खाण्यावाचून दुसरा इलाज नव्हता आणि खाणारा एकटा हाच घोडा होता. घोड्याची झेप त्याला रेषेबाहेर नेते, इथेही नेलं. डी पट्टी उघडी पडली, मॉर्फीचा हत्ती डी८ वर उतरला आणि सतराव्या चालीला मात झाली.

आता त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या घोड्याकडे परत येऊ. त्याच्या मागे राजा नव्हता, वजीर होता. दिसायला दोन्ही पिन सारख्याच, पण एक नियम आहे आणि दुसरी नुसती किंमत. राजा उघडा पडेल अशी चाल खेळाच्या कायद्यातच नाही. वजीर उघडा टाकायला मात्र कोणी मना करत नाही, फक्त त्याच्या बदल्यात काय मिळतं ते मोजायचं. प्रोग्रॅममध्येही या दुसऱ्या पिनसाठी चाली वगळणारा कुठलाच नियम नसतो. घोडा हलवून पुढच्या चाली तपासल्यावरच तिची खरी किंमत कळते.

ही मोजदाद केलेला सर्वांत जुना प्रसिद्ध डाव फ्रेंच खेळाडू लेगाल याच्या नावावर सांगितला जातो, सुमारे १७५० चा. मुलीच्या पटावर जवळपास तीच मांडणी होती. पांढरा घोडा पिन झुगारून ई५ वरचं प्यादं खातो. काळा हरखून डी१ वरचा वजीर घेतो. मग पांढरा उंट एफ७ वर प्यादं खाऊन शह देतो, राजाला ई७ हे एकच घर मिळतं आणि दुसरा घोडा डी५ वर येतो. मात! काळ्याने वजिराचा मोह आवरून डी६ च्या प्याद्याने घोडा खाल्ला, तर पांढरा वजीर जी४ वरचा उंट उचलतो आणि एक प्यादं वर राहतं. अशी दुसरी चपराक 'एलिफंट ट्रॅप' या सापळ्यात बसते. तिथे पांढऱ्याला वाटतं, एफ६ चा घोडा वजिरासमोर अडकलाय, म्हणून तो निर्धास्तपणे डी५ चं प्यादं खातो. अडकलेला घोडाच ते परत खातो. पांढरा उंट वजीर घेतो, पण काळ्याचा उंट बी४ वरून शह देतो, पांढऱ्याला मध्ये स्वतःचा वजीर घालावा लागतो आणि हिशोब संपतो तेव्हा काळ्याकडे एका प्याद्याच्या बदल्यात एक अख्खा मोहरा जास्त असतो.

हे आपल्याला का दिसत नाही? आयाल राइनगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. तयार खेळाडूंची नजर नवख्यांच्या तुलनेत सोंगट्यांवर कमी आणि सोंगट्यांच्या मधल्या जागेत जास्त ठरते. मला हे फार पटतं, कारण पिन मुळात सोंगट्यांमधल्या रेषेतच राहते. पण नजर तयार झाली तरी मन फसतंच. बिलालिच, मॅक्लिऑड आणि गोबे यांनी २००८ साली खेळाडूंसमोर अशी स्थिती ठेवली, जिच्यात पाठ असलेली पाच चालींची मात होती आणि तीन चालींची एक कमी परिचयाची मातही होती. पाठातली मात सापडलेले खेळाडू म्हणत होते की आम्ही आणखी चांगली चाल शोधतोय. त्यांचे डोळे मात्र पहिल्याच उत्तराच्या घरांवर परत परत जात होते. त्या प्रयोगाचा विषय पिन नव्हता, तरी 'घोडा अडकलाय' हेही तसंच आधी सापडलेलं उत्तर आहे, असं मला वाटतं.

पुढच्या रविवारी मी तिला लेगालचा डाव मांडून दाखवला. मात बघून ती हसली नाही. काळ्याचा बी८ वरचा घोडा उचलून तिने सी६ वर ठेवला आणि विचारलं, "हा इथे असेल तर?" तर सगळं कोसळतं. ई५ वर आलेल्या पांढऱ्या घोड्याला तो सी६ चा काळा घोडाच खातो आणि तिथे बसून जी४ च्या उंटालाही जोर देतो. आम्ही बराच वेळ पट उलटसुलट केला. शेवटी तिनेच एच पट्टीतलं प्यादं एक घर पुढे ढकललं आणि काळा उंट मागे, एच५ वर ठेवला. पिन तशीच राहिली. पण ई५ वरच्या घोड्याला जी४ जपता येतं, एच५ जपता येत नाही. आता पांढऱ्याने ई५ वर खाल्लं, काळ्या घोड्याने तिथे परत खाल्लं की पांढरा वजीर एच५ चा उंट घेतो. काळा घोडा सी४ चा उंट मारतो, तर वजीर बी५ वर शह देऊन तो घोडाही उचलतो. तिने बोटांवर मोजलं, एक प्यादं जास्त. मग सोंगट्या परत मांडल्या आणि म्हणाली, "आता तुम्ही काळे घ्या."