पेट स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सरच?

‘पेट स्कॅनमध्ये मेंदूत जे चमकतं तो कॅन्सर, आणि काही वेगळं चमकलं नाही तर गाठ नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कॅन्सरच्या उपचारासाठी गावाहून मुंबईत परळला रिपोर्टची फाइल घेऊन आलेल्या नातेवाइकांची झोप असल्या एका ओळीने उडते, म्हणून हे नीट सांगावंसं वाटलं.

पेट स्कॅन म्हणजे शरीरात दिलेलं किरणोत्सारी औषध कुठे साठतं ते दाखवणारी तपासणी. त्यात बहुतेक वेळा एफडीजी हे औषध शिरेतून देतात. ते ग्लुकोजसारखं असतं, त्यावर किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं असतं. जिथे साखर जास्त खर्च होते, तिथे ते साठतं आणि ती जागा चमकते. आता मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. म्हणजे निरोगी मेंदूही चमकणारच! त्या उजेडात संथ वाढणारी गाठ लपू शकते. उलट, जंतुसंसर्गाची जागाही उजळ दिसू शकते.

म्हणून मेंदूतल्या गाठींचा शोध आधी एमआरआयने घेतात. गरज पडल्यास अमिनो आम्लावर आधारित औषध वापरून पेट करतात. निरोगी मेंदू ते कमी घेतो, त्यामुळे गाठ उठून दिसते. गाठीचा नेमका प्रकार मात्र सहसा बायोप्सीच (गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी) ठरवते.

पडताळायचं असेल तर ओळखीतल्या कुणाचाही पूर्ण शरीराचा एफडीजी पेट पाहा. मेंदू आणि (औषध लघवीवाटे बाहेर पडतं म्हणून) मूत्राशय बहुधा उजळच दिसतील. रिपोर्टमध्ये कोणतं औषध वापरलंय तेही वाचा आणि डॉक्टरांना थेट विचारा: ‘ही चमक नेहमीची की वेगळी?’