शिकागो विद्यापीठाचा फुटबॉल संघ (मरून्स)

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एके काळी दरारा असलेला आणि डिसेंबर 1939 मध्ये विद्यापीठानेच बंद केलेला संघ. येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचे आणि पळणाऱ्याला अंगावर जाऊन पाडायचे, तो अमेरिकन खेळ. विद्यापीठाच्या मरून रंगावरून संघाला ‘मरून्स’ हे नाव मिळाले.

विद्यापीठाचे वर्ग 1892 मध्ये भरू लागले आणि संघही त्याच वर्षी उभा राहिला. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना नव्या संस्थेचे नाव झटपट गाजवायचे होते. येल विद्यापीठातील आपले जुने विद्यार्थी एमस अलोन्झो स्टॅग यांना त्यांनी बोलावून घेतले आणि प्रशिक्षकाबरोबर प्राध्यापकवर्गातली कायमची जागाही दिली. त्या काळी हे नवलच होते. पहिल्या मोसमात खेळाडूंची इतकी वानवा होती की स्टॅग स्वतः मैदानात उतरत. पुढे ते 41 मोसम तिथेच राहिले. आज ‘बिग टेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठ-संघटनेचे शिकागो संस्थापक सदस्य. 1899 ते 1924 या काळात संघाने तिचे विजेतेपद सात वेळा मिळवले.

यातला सर्वांत गाजलेला सामना 1905 च्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या दिवशी मिशिगन विद्यापीठाविरुद्ध झाला. मिशिगन सलग 56 सामने अपराजित होते. दोन्ही बाजू एकमेकींना दाद देईनात, गुणफलक कोराच. अखेर शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने लाथाडलेला चेंडू थेट मिशिगनच्या गोलरेषेपलीकडे गेला. तो तिथेच सोडून देण्याऐवजी डेनी क्लार्कने उचलला आणि बाहेर पळण्याचा प्रयत्न केला, पण शिकागोच्या खेळाडूंनी त्याला मागे रेटत रेषेच्या आतच पाडले. स्वतःच्या रेषेमागे असा गडी पडला की प्रतिपक्षाला 2 गुण. सामना 2-0 असा संपला.

घसरण 1924 नंतर सुरू झाली. शिकागोत पदवीपूर्व विद्यार्थी थोडे आणि अभ्यास कडक. इतर विद्यापीठांत खेळाडूंची सोय शारीरिक शिक्षणाच्या पदवीत लावता येई. इथे ती पळवाट नव्हती. 1929 मध्ये अवघ्या तिशीतले रॉबर्ट मेनार्ड हचिन्स अध्यक्ष झाले. व्यावसायिक थाटाच्या महाविद्यालयीन खेळांविषयी त्यांना मुळीच आस्था नव्हती. सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना 1932 च्या मोसमानंतर निवृत्त करण्यात आले. स्टॅग मात्र घरी बसले नाहीत. कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये जाऊन पुन्हा प्रशिक्षक झाले.

पडत्या काळातच संघाला त्याचा सर्वांत नामांकित खेळाडू मिळाला. पुढे ‘हाइझमन’ म्हणून प्रसिद्ध झालेला, सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा करंडक 1935 मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो शिकागोच्या जे बरवँगरला. 1936 मध्ये व्यावसायिक लीगच्या पहिल्यावहिल्या खेळाडू-निवडीत पहिले नावही त्याचेच होते. पण पैशाचे जमले नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. करंडक काही काळ त्याच्या मावशीकडे होता. तिने तो दार उघडे ठेवायला टेकू म्हणून वापरला.

1939 चा मोसम म्हणजे धिंडवडेच. बेलॉइटसारख्या लहान कॉलेजाने पहिल्याच सामन्यात 6-0 असे हरवले. मिशिगनने 85-0, हार्वर्ड आणि ओहायो स्टेटने प्रत्येकी 61-0. विजय दोनच, तेही वाबॅश आणि ओबरलिन या छोट्या कॉलेजांवर. दोष प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी यांच्यावर ढकलणे सोपे होते. पण हेच शॉनेसी पुढच्या वर्षी स्टॅनफर्डला गेले आणि तिथला संघ एकही सामना न गमावता ‘रोझ बोल’ हा मानाचा वार्षिक सामना जिंकून आला. 21 डिसेंबर 1939 रोजी विश्वस्तांनी आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल बंद करत असल्याचे जाहीर केले. हचिन्स यांनी एकहाती संघ मोडला, असे सर्रास सांगितले जाते. खरे तर संघ आधीच संपला होता. हचिन्स यांनी ते मान्य करण्याचे धैर्य दाखवले, एवढेच. बिग टेनचे सदस्यत्व 1946 मध्ये सोडण्यात आले.

ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिम प्रेक्षागृहाखाली रॅकेटच्या खेळाचे एक बंदिस्त कोर्ट होते. 2 डिसेंबर 1942 रोजी तिथेच भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा रचून केलेल्या अणुभट्टीत मानवनिर्मित नियंत्रित साखळी-अभिक्रिया पहिल्यांदा घडवली. मैदानाच्या जागी पुढे रेगेनस्टाइन ग्रंथालय उभे राहिले.

शिकागोचे ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’ हे टोपणनाव व्यावसायिक शिकागो बेअर्सकडे गेले. मिडवे हे विद्यापीठाच्या आवाराजवळचे हिरवे पटांगण, हे त्या संघाच्या अनेक चाहत्यांच्या गावीही नसते. 1963 मध्ये विद्यापीठात क्लब स्वरूपात फुटबॉल परत आला, तेव्हा विद्यार्थ्यांनी मैदानात बसकण मारून निषेध केला होता. 1969 पासून विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा खेळतो आहे. आता तो खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या विभागात असतो आणि त्याच्या नव्या मैदानाचे नावही स्टॅग फील्डच आहे.