यांकी स्टेडियम: नाव एक, वास्तू दोन

न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये आज जे यांकी स्टेडियम उभं आहे, त्यात बेसबॉलचा महान खेळाडू बेब रूथ एकही सामना खेळला नाही. तो खेळला ते स्टेडियम १६१ स्ट्रीटच्या दक्षिणेला होतं. आजचं उत्तरेला आहे. संघ तोच, यांकीज; नाव तेच, फलंदाजापासून कुंपणाची अंतरंही जुन्याच्या अखेरच्या काळातलीच ठेवलेली. गल्लत होणारच.

यांकीज १९१३ पासून पोलो ग्राउंड्सवर जायंट्स संघाचे भाडेकरू होते. १९२० मध्ये रूथ आला, पहिल्याच मोसमात त्यानं ५४ होमरन (बहुधा चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडणारे फटके) मारले आणि भाडेकरूच्या सामन्यांना मालकापेक्षा जास्त गर्दी होऊ लागली. मालकाला ते सहन होईना. जागा सोडा म्हणून तगादा सुरू झाला. यांकीजनी मग हार्लेम नदीच्या पलीकडे, अगदी समोरच, तीन मजली स्टेडियम उभारलं. १८ एप्रिल १९२३ ला तिथला पहिला होमरन रूथनंच मारला. त्याच वर्षी यांकीजनी याच जायंट्सना हरवून पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकली. हिशेब इतका चोख चुकता झालेला क्वचितच दिसतो!

जुन्या स्टेडियमचीही दोन रूपं आहेत, हे बरेचजण विसरतात. १९७४ आणि १९७५ चे मोसम यांकीज शहरातल्याच मेट्स संघाच्या शे स्टेडियमवर खेळले, कारण त्यांच्या मैदानाची मोठी डागडुजी चालू होती. प्रेक्षकांच्या डोळ्यांआड येणारे खांब गेले आणि छताच्या कडेची तांब्याची कमानदार झालरही गेली; तशी झालर फक्त आउटफील्डच्या, म्हणजे मैदानाच्या दूरच्या, बाजूला राहिली. त्याआधी यांकीजचा व्यवस्थापक मिलर हगिन्स आणि खेळाडू लू गेरिग व रूथ यांची स्मारकं चक्क खेळाच्या हद्दीत, सेंटर फील्डमध्ये उभी होती. चेंडू त्यांच्यामागे गेला, की क्षेत्ररक्षकाला वळसा घालून तो शोधावा लागे. डागडुजीत ती कुंपणामागे गेली.

नवं स्टेडियम २००९ मध्ये खुलं झालं. खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर. पहिल्याच सामन्यात क्लीव्हलंडकडून १०–२ असा मार खाल्ला, पण मोसमाअखेरीस विजेतेपद मात्र याही वेळी मिळालं. झालर पूर्ण छतभर परत आली, बाहेरच्या कमानीही आल्या. त्यामुळे नवी वास्तू १९७६ च्या स्टेडियमपेक्षा १९२३ च्या स्टेडियमसारखीच जास्त दिसते, आणि मला हे मनापासून आवडतं. खटकतं ते एवढंच, की त्यासाठी वस्तीतल्या मुलांचं मॅकूम्ब्स डॅम पार्क गेलं. भरपाई म्हणून जुन्या स्टेडियमच्या जागी सार्वजनिक मैदानं झाली, पण ती २०१२ मध्ये.

जुना फोटो हाती आला तर झालर बघा. फक्त आउटफील्डच्या बाजूला असेल, तर तो १९७६ ते २००८ मधला. छताच्या कडेनं सगळीकडे असेल, तर खुर्च्यांमध्ये खांब आहेत का ते शोधा. खांब असले, तर ते रूथचं स्टेडियम. नसले, तर आजचं.