ध्रुवणमापनासाठी दुर्बिणीवरील उपकरणाची मांडणी

खस्थ पदार्थाकडून (तारे, तेजोमेघ इत्यादींकडून) येणारा प्रकाश किती टक्के ध्रुवित आहे, म्हणजे त्याची कंपने किती प्रमाणात एकाच दिशेत आहेत, आणि ती दिशा कोणती, हे मोजण्यासाठी कॅमेऱ्याच्या किंवा वर्णपटमापकाच्या प्रकाशमार्गात केलेली रचना. खगोलशास्त्रज्ञ हिल्टनर आणि हॉल यांना १९४९ मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशात आढळलेले आंतरतारकीय (ताऱ्यांमधल्या धुळीमुळे होणारे) ध्रुवण बहुधा काही टक्क्यांचेच असते. दोन एक्स्पोजरच्या दरम्यान आकाशाची पारदर्शकता याहून जास्त बदलू शकते, म्हणून सारी मोजणी गुणोत्तरांवर बेतलेली असते.

फिरती अर्धतरंग पट्टी (ध्रुवणाची दिशा फिरवणारी स्फटिकाची चकती) आधी आणि वोलास्टन लोलक (स्फटिकाचा दुभाजक लोलक) तिच्यानंतर असा क्रम असतो. लोलक प्रकाशाचे साधारण आणि असाधारण अशा, परस्परांना लंब दिशांत ध्रुवित असलेल्या दोन शलाकांत विभाजन करतो आणि दोन्ही प्रतिमा एकाच सीसीडीवर (कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदी चिपवर) एकाच वेळी नोंदल्या जातात. त्या एकमेकींवर पडू नयेत म्हणून नाभीप्रतलात (दुर्बिणीची प्रतिमा जिथे तयार होते त्या प्रतलात) एकाआड एक झाकलेल्या फटींचा मास्क बसवतात.

पट्टी ०°, २२.५°, ४५° आणि ६७.५° वर ठेवून चार एक्स्पोजर घेतात. पट्टी जितकी फिरते त्याच्या दुप्पट ध्रुवणाची दिशा फिरते, त्यामुळे ४५° वर दोन्ही शलाकांच्या भूमिकांची अदलाबदल होते. साधारण भागिले असाधारण हे ०° चे गुणोत्तर ४५° च्या गुणोत्तराने भागावे. त्याचे वर्गमूळ ‘ग’ धरल्यास स्टोक्स प्राचल (ध्रुवणाचे प्रमाण व दिशा सांगणाऱ्या क्यू आणि यू या दोन संख्यांपैकी पहिली) क्यू = (ग − १)/(ग + १). यात पारदर्शकता आणि शलाकांच्या संवेदनक्षमतेतील फरक, दोन्ही गळून जातात. उरलेल्या दोन कोनांवरून तसेच यू मिळते. म्हणून चार एक्स्पोजरची चौकडी अपुरी सोडू नये आणि ती पूर्ण होईपर्यंत उपकरणाचा रोटेटर (संपूर्ण उपकरण फिरवणारी यंत्रणा) वेगळ्या कोनावर नेऊ नये. पट्टीवरची धूळ तिच्याबरोबर फिरते, त्यामुळे तिचा परिणाम गुणोत्तरातून पूर्णपणे गळत नाही. म्हणून बारीक मोजणीत आठ किंवा सोळा कोन घेतलेले बरे.

०.१ टक्का अचूकतेसाठी क्यू आणि यू या प्रत्येकासाठी दोन्ही शलाकांत मिळून सुमारे दहा लाख फोटोइलेक्ट्रॉन (प्रकाशामुळे चिपमध्ये मोकळे होणारे इलेक्ट्रॉन) लागतात. एक्स्पोजर वाढवताना उजळ शलाका संपृक्त होणार नाही (चिपची मोजण्याची मर्यादा ओलांडणार नाही) हे पाहावे, कारण अरेखीयता (मोजलेला संकेत प्रकाशाच्या प्रमाणात न वाढणे) थेट खोटे ध्रुवण म्हणून दिसते.

पट्टीच्या आधी तिरका आरसा असला, तर तो स्वतःच प्रकाश ध्रुवित करतो. नॅस्मिथ नाभीवर (जिथे तिरका आरसा प्रकाश दुर्बिणीच्या बाजूला वळवतो) ही अडचण मोठी, कॅसेग्रेनवर (जिथे प्रकाश मुख्य आरशामागे सरळ येतो) कमी. उपकरणाचे स्वतःचे ध्रुवण एचडी २१२३११ (एचडी म्हणजे ताऱ्यांची एक यादी) सारख्या जवळजवळ अध्रुवित ताऱ्यावरून काढतात, तर शून्यकोन (दिशा मोजण्याची सुरुवात) एचडी १९८२० सारख्या, ज्याचे ध्रुवण आधीच माहीत आहे अशा मानक ताऱ्यावरून. पट्टीचा अक्ष तरंगलांबीनुसार सरकत असल्याने ही तपासणी वापरायच्या प्रत्येक फिल्टरमध्ये करावी लागते. लक्ष्य क्षेत्राच्या मध्याजवळ ठेवावे. कडेला खोटे ध्रुवण वाढू शकते. चंद्रप्रकाशात, विशेषतः चंद्रापासून ९०° वर, आकाश बरेच ध्रुवित असते, म्हणून पार्श्वभूमी प्रत्येक शलाकेची वेगळी वजा करतात.

ध्रुवणाचे प्रमाण क्यू आणि यू यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ असल्याने ते कधीच ऋण येत नाही, आणि क्षीण ताऱ्यांसाठी नुसत्या गोंगाटामुळेही फुगते. ते प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याच्या वर्गातून त्रुटीचा वर्ग वजा करावा.