पाचव्या लेव्हलचा उंबरठा

पावसाळ्यातल्या रविवारी फोंड्याला आमच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती सहा जण बसतात. बाहेर पाऊस, टेबलावर फासे, आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव: प्रत्येकाने एक पात्र खेळायचं आणि साहसं करत त्याची लेव्हल, म्हणजे ताकदीचा टप्पा, वाढवत न्यायची. मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि नियमांचा निवाडा करणारा. गेल्या वर्षी सगळी पात्रं पाचव्या लेव्हलला पोचली आणि माझी मावसबहीण गप्प झाली. तिचं पात्र मल्टिक्लास होतं, म्हणजे एकाच पात्राचे दोन क्लास (पेशे): तीन लेव्हल फायटर (योद्धा), दोन लेव्हल विझर्ड (जादूगार). डाव आवरताना तिने विचारलं, “दादा, मी दोन्ही शिकले म्हणून मागे पडले काय?”

मागे पडली होती, पण चूक तिची नव्हती. आम्ही खेळाच्या 2014 च्या आवृत्तीच्या नियमांनी खेळतो. त्यात निव्वळ फायटरला पाचव्या लेव्हलला एका पाळीत दोन वार मिळतात. तलवारीच्या एका वाराची इजा सरासरी साडेसात गुण, दोन्ही लागले तर पंधरा. निव्वळ विझर्डला त्याच लेव्हलला फायरबॉल हा मंत्र मिळतो: सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28, आणि तेही आगीच्या गोळ्यात सापडलेल्या प्रत्येक शत्रूला (फासा चांगला पडून सावरला, तर त्याला निम्मं). तिच्याकडे मात्र एकच वार आणि पहिल्या पायरीचे मंत्र. लेव्हलची बेरीज सगळ्यांचीच पाच, पण ताकदीची बेरीज तशी होत नाही.

लेव्हलनुसार ताकद किती वाढते याचा आलेख काढला, तर याचं कारण त्याच्या रेघेच्या वळणात आहे. लेव्हल वाढेल तशी ताकद अधिकाधिक वेगाने वाढत असेल, म्हणजे रेघ वर वळत असेल, तर लेव्हल दोन क्लासमध्ये वाटणारा तोट्यात जातो. उलट रेघ सुरुवातीला उभी चढून मग सपाट होत असेल, तर वाटणाराच फायद्यात. वळणाचं हे गणित 1906 मध्ये योहान येन्सेन यांनी एका असमानतेत मांडलं. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरी करत आणि फावल्या वेळात गणित. मल्टिक्लासच्या समतोलाची जवळजवळ सगळी भांडणं मला त्या असमानतेत दिसतात.

खेळाचा इतिहासही त्याच रेघेवर मागेपुढे झाला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा मूळ खेळ 1974 चा. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत मल्टिक्लास पात्र आपले अनुभवगुण (साहसांतून मिळणारे, लेव्हल वाढवणारे गुण) दोन क्लासमध्ये समान वाटून घेई. पण फायटरला पुढच्या लेव्हलसाठी लागणारे गुण दर वेळी दुप्पट होत: 2,000, 4,000, 8,000, असे 64,000 पर्यंत. तिथे निव्वळ फायटर सातव्या लेव्हलला असतो. तेच गुण फायटर आणि चोर या दोन क्लासमध्ये अर्धे-अर्धे वाटले तर फायटरची सहावी आणि चोराचीही सहावी! एका लेव्हलच्या मोलात अख्खा दुसरा क्लास. म्हणून मग लगाम बाहेरून घालावे लागले: ही सवलत माणसांना नाही, फक्त एल्फ, ड्वार्फ वगैरेंना, आणि त्यांच्याही लेव्हलला मर्यादा.

2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने लेव्हलच वाटायला दिल्या आणि दुसरी फट उघडली. काही क्लासना विष-रोगाविरुद्धच्या बचावाच्या फाशात पहिल्याच लेव्हलला अधिक दोन मिळत. फायटर, बार्बेरियन आणि क्लेरिक अशी एकेक लेव्हल घेतली की बेरीज सहा. तीन लेव्हलच्या निव्वळ फायटरला तीनच. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक गुण म्हणजे पाच टक्के, म्हणजे हा फरक पंधरा टक्क्यांचा. 2014 च्या नियमांनी ही फट बुजवली: प्रावीण्याचा गुण (पात्राला जे चांगलं जमतं त्याच्या फाशात मिळवायचा आकडा) एकूण लेव्हलवर ठरतो, आणि नवा क्लास घेतला तरी त्याचं बचावातलं प्रावीण्य मिळत नाही. तरी एक फट उरलीच. फायटरच्या दोनच लेव्हल घेऊन विझर्ड ‘ॲक्शन सर्ज’, म्हणजे पाळीत एक जादा कृती, मिळवी आणि एका पाळीत दोन फायरबॉल टाकी. 2024 च्या सुधारणेत त्या जादा कृतीत मंत्र टाकायला मनाई झाली. मला ही दुरुस्ती योग्य वाटते.

बहिणीला समजावताना मी गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजनांचं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनींचं, उदाहरण दिलं. खाजनात बांध आणि मानस (पाण्याची झडपदारं) खारं पाणी अडवतात. पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं की कोरगुट जातीचं भात, आणि कापणी झाली की त्याच शेतात मासे, सुंगटं (कोळंबी). दोन्ही पिकं पदरात पडतात, कारण त्यांचे हंगाम वेगळे आहेत. तिच्या पात्रात तलवार आणि मंत्र दोघांनाही एकच हंगाम हवा होता: पाळीतली ती एकुलती एक कृती. आज तलवार चालवली तर मंत्र उपाशी, मंत्र टाकला तर तलवार म्यानात.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. पुढच्या दोन्ही लेव्हल फायटरच्या घ्यायच्या, म्हणजे दुसरा वार मिळेल. आणि मंत्र असे निवडायचे, की ज्यांना तिच्या पाळीतली कृती लागत नाही. ‘शील्ड’ हा पहिल्या पायरीचा मंत्र शत्रूचा वार लागत असताना प्रतिक्रिया म्हणून टाकता येतो. तिच्या पुढच्या पाळीपर्यंत चिलखताचा आकडा, म्हणजे वार लागायला शत्रूला गाठावी लागणारी बेरीज, पाचाने वाढतो. पाच गुण, म्हणजे शत्रूची वार लागण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांनी खाली.

सातव्या लेव्हलच्या पहिल्याच लढाईत हॉबगॉब्लिन या राक्षसाच्या वाराची बेरीज मी 19 सांगितली. तिच्या चिलखताचा आकडा 16. “शील्ड,” ती म्हणाली. 21 झाले, वार हुकला. मग तिची पाळी आली आणि तिने वीस बाजूंचा फासा दोनदा टाकला.